बाळंतपणाचा पगार कुणाच्या खिशातून?

जुलै महिन्यात गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारपेठेतल्या एखाद्या कर-सल्लागाराच्या टेबलाशी बसलं, तर महाराष्ट्रातून आलेला माणूस चक्रावतो. हार्डवेअरचं दुकान नवऱ्याचं, परवाना नवऱ्याचा, उधारीच्या वहीतलं अक्षरही त्याचंच. पण नफ्याचे दोन सारखे भाग होतात आणि एक भाग बायकोच्या पॅन क्रमांकावर चढतो. दहा लाख नफा असेल तर पाच लाख त्याचे, पाच लाख तिचे. तिनं कधी गल्ल्यावर पाऊल ठेवलं नसलं तरी चालतं. यात कर चुकवायचा डाव नाही, उलट कायदाच तसा आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ खास गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीसाठी घातलं गेलं, कारण या भागांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते.

हे आलं पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून. गोव्यात ती १ जुलै १८७० पासून लागू झाली आणि पोर्तुगीज गेले तरी राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नोंदणी होताच दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. म्हणूनच इथं मांडवाइतकंच महत्त्व ‘सही’ला असतं. आधी पहिली सही, मग मुदत गेल्यावर दुसरी. पेडण्यात किंवा डिचोलीत जमीन विकायची झाली तर निबंधकासमोर बायकोलाही उभं राहावं लागतं. तिची संमती नसेल तर व्यवहार पुढे सरकत नाही.

घर सांभाळणाऱ्या बाईचा संसारात वाटा किती, हा प्रश्न इथं कागदावर तरी दीडशे वर्षांपूर्वी निकालात निघाला. मद्रास उच्च न्यायालयाला तेच म्हणायला जून २०२३ उजाडावा लागला. कण्णय्यन नायडू खटल्यात, बायकोनं घर सांभाळलं म्हणून नवरा कमवू शकला, तेव्हा त्या कमाईच्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे, असं न्यायालयानं धरलं. त्या निकालाचं देशभर कौतुक झालं. गोव्यात त्याचं फारसं कुणाला अप्रूप वाटलं नसेल.

तरी या निम्म्या हिश्श्याला दोन मोठी भोकं आहेत. एक म्हणजे तो वाटणीच्या वेळी हाती येतो, नवरा गेल्यावर किंवा काडीमोड झाल्यावर. संसार चालू असताना त्यातून दुधाचं बिल भागत नाही, आणि जुन्या संहितेनं कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला होता. दुसरं असं की कलम ५अ मधून पगार वगळला आहे. दुकानदाराची, भाटकाराची, घरभाडं घेणाऱ्याची मिळकत दोघांत वाटली जाते, कारखान्यातल्या कामगाराचा पगार मात्र पूर्ण त्याच्याच नावावर. ज्या घरात मालमत्ताच नाही, तिथं निम्म्याचा हिशेब मांडायचा कशाचा?

हे भोक बुजवायला म्हणून नव्हे, पण त्याच्या जवळ पोचणारी एक गोष्ट गोव्यात २०१२ साली झाली. मार्चमध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले. महागाई हा त्या निवडणुकीतला मोठा मुद्दा होता, आणि त्यांनी पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकून सुरुवात केली. त्याच महागाईच्या उताऱ्यातलं दुसरं औषध म्हणजे गृह आधार योजना. गरीब आणि मध्यमवर्गीय घरातल्या गृहिणीच्या बँक खात्यात दरमहा हजार रुपये. अटी मोजक्या होत्या. वय १८ च्या वर, गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य, आणि नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत. काम महिला आणि बालविकास खात्याकडे. पुढे रक्कम १,२०० झाली, मग १,५००.

आज हे साधं वाटतं, कारण आता सगळीकडे तेच चाललं आहे. पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडीत आणि डिचोलीच्या पलीकडे दोडामार्गात २०२४ पासून लाडक्या बहिणीला १,५०० रुपये मिळतात. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मीचे २,०००, तमिळनाडूत त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून १,०००. बंगालची लक्ष्मीर भांडार २०२१ ची, आसामची अरुणोदय २०२० ची. या सगळ्यांच्या कितीतरी आधी, कसलाही गाजावाजा न होता, देशातल्या एका चिमुकल्या राज्यानं ‘गृहिणी’ या नावावर पैसे द्यायला सुरुवात केली होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या कायद्याच्या प्राध्यापक प्रभा कोटीश्वरन घरकामाच्या मोबदल्याचा अभ्यास करतात, आणि या योजनांचा मागोवा घेताना त्यांनाही गोव्यापाशी यावं लागतं.

डिचोली तालुक्यासाठी २०१२ हे साल आणखी एका कारणानं विसरण्यासारखं नाही. १० सप्टेंबरला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मये, पिळगाव, शिरगाव, पाळी, वेळगे या पट्ट्यात ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच राहिले. जी घरं तीन लाखांच्या मर्यादेबाहेर होती, त्यांतली कित्येक वर्ष-दोन वर्षांत आत आली असणार. खाणीवर कमावणारा बहुतेक पुरुषच, त्यामुळे त्याची कमाई आटली तेव्हा बाईच्या खात्यातले हजार रुपये हीच घरातली ठरलेल्या नावानं येणारी रक्कम उरली. योजना काढताना हे कुणाच्या मनात नव्हतं. २०१४ मध्ये न्यायालयानं अटींवर वाट मोकळी केली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या, आणि डिचोली ब्लॉकमधून पुन्हा माल निघायला २०२४ चा एप्रिल यावा लागला. मधल्या काळात किती घरांत बाईच्या खात्याकडे डोळे लागले असतील, याची नोंद कुठल्याच खात्याकडे नसावी.

पैसे थेट बाईच्या खात्यात जातात, हा या योजनेचा सगळ्यात मोठा गुण. बुधवारच्या डिचोली बाजारात बांगड्यांचा वाटा घेताना नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही, आणि माहेरच्या कुणाच्या बारशाला जाताना पाकिटात काय घालायचं ते आपलं आपण ठरवता येतं. अर्थात दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि तो द्यायचा राहिला की हप्ता थांबतो. ‘‘वयनी, फॉर्म भरला मगे?’’ हा प्रश्न गावात कुणीही कुणालाही विचारतं. कधी पैसे दोन-तीन महिने थकतात आणि मग एकदम जमा होतात. तीन लाखांची अट ओलांडलेल्या घरांतही पैसे जातात, अशी ओरड तर दर अधिवेशनात ठरलेली.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही योजना महागाईवर उतारा म्हणून आली, आणि तिच्याच रकमेला महागाईचं वावडं. १,५०० झाले ते कधीच, तिथेच थिजले. उत्पन्नाची तीन लाखांची मर्यादाही तशीच. २०१२ साली तीन लाखांत बसणारं कुटुंब आणि आज तीन लाखांत बसणारं कुटुंब ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. आजचं कुटुंब त्याहून गरीब. दर निवडणुकीत आकड्यांचा लिलाव मात्र होतो. २०२२ च्या विधानसभेआधी आम आदमी पक्षानं गृह आधार २,५०० करायचं म्हटलं, तृणमूलनं घरटी बाईला ५,००० देऊ केले. निवडणूक झाली, आकडे विरले. महागाई भत्त्यासारखं एखादं सूत्र लावून टाकलं असतं, तर ही बोली लावायची वेळच आली नसती. पण मग जाहीरनाम्यात लिहायचं काय?

या १,५०० रुपयांची तुलना कामाशी केली तर काय दिसतं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बायका घरच्या बिनपगारी कामांवर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. ही सरासरी फक्त ही कामं करणाऱ्यांची आहे, म्हणजे ८८ मिनिटंवाल्यांत जे काहीच करत नाहीत ते पुरुष मोजलेलेच नाहीत. बाईचे महिन्याला होतात साधारण १४५ तास, आणि १,५०० ला त्यानं भागलं तर तासाला दहा रुपये. मुलं-म्हातारी सांभाळण्याची १३७ मिनिटं वेगळीच आहेत. तान्हं मूल असलेल्या घरात ती धरली की तासाचा भाव सातावर येतो. गृह आधार हा पगार नाहीच, सरकारनंही तसं कधी म्हटलेलं नाही. पण मग या कामाची किंमत कधी होते? बाई अपघातात गेल्यावर. २००१ च्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या सेवेचे महिन्याला ३,००० रुपये धरले होते. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रमणा यांनी कीर्ती खटल्यात घरकामाचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे, असं खणखणीतपणे लिहिलं. दोन्ही वेळा किंमत ठरली ती नुकसानभरपाईच्या खटल्यात.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यात अशा बाईला ९२ किंवा ९३ हा क्रमांक मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, शिवाय घरच्या वापरासाठी लाकूडफाटा गोळा करणं, शिवणटिपण, गुरांचा चारा आणणं. कोरगावच्या किंवा हरमलच्या वरच्या वाड्यावरची बाई ९३ मध्ये बसते. उन्हाळ्यात बोंडू वेचते, पावसाळ्यात भाजी लावते, आणि सरकारदरबारी ती कामकरी लोकसंख्येत नाही.

गृह आधार नेमका कशाचा मोबदला आहे, हे एकदा स्पष्ट करायला हवं. मूल असो-नसो, लहान असो-मोठं असो, रक्कम तीच. युरोपात मूल घरी सांभाळण्यासाठी जे पैसे मिळतात त्यांची जात वेगळी. फिनलंडमध्ये १९८५ च्या कायद्यानं, तीन वर्षांखालचं मूल सरकारी पाळणाघरात न घालता घरी सांभाळणाऱ्या पालकाला भत्ता सुरू झाला. नॉर्वेनं १९९८ मध्ये तसंच केलं. तिथं वाद असा होतो की हा पैसा घेतात बायकाच, आणि मग नोकरीतून त्याच मागे पडतात. आपल्याकडच्या रकमा इतक्या छोट्या की कुणी नोकरी सोडून घरी बसण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे गृह आधारानं बाई घरात अडकते, या टीकेत मला दम दिसत नाही. ती घरात अडकते ती दुसऱ्याच कारणांनी, आणि त्यातलं पहिलं कारण बाळंतपण.

समजा पेडणे तालुक्यात एकाच पावसाळ्यात तिघी बाळंत झाल्या. एक सरकारी शाळेत शिक्षिका, पगार ६०,०००. दुसरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, पगार १८,०००. तिसरी घरची शेती बघते आणि हंगामात काजूच्या बिया वेचायला जाते.

शिक्षिकेला १८० दिवसांची भरपगारी रजा, म्हणजे ३ लाख ६० हजार रुपये. शिवाय केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांत सप्टेंबर २००८ पासून बालसंगोपन रजाही आहे. मुलं १८ वर्षांची होईपर्यंत, दोन मुलांसाठी मिळून, सगळ्या नोकरीत ७३० दिवस. त्यातले पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारी. दहावीची परीक्षा, मुलाचा टायफॉइड, सगळं त्यात येतं. गोव्यात मुलीला सरकारी नोकरी लागावी म्हणून आईबाप आमदाराच्या दारात का बसतात, याचं अर्धं उत्तर पगारात आणि अर्धं या रजेत आहे.

तुयेतली बाई राज्य कामगार विमा योजनेत असते, कारण तिचा पगार २१,००० च्या आत आहे. तिला २६ आठवडे सरासरी रोजाइतकी पूर्ण रक्कम मिळते. दिवसाला ६०० धरले तर १८२ दिवसांचे १,०९,२००. हे पैसे मालकाच्या तिजोरीतून जात नाहीत, विमा महामंडळ देतं. दरमहा मालकाचे सव्वातीन टक्के आणि तिचे पाऊण टक्का त्या निधीत जमा होत असतात.

तिसरीला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,०००. नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लशी झाल्यावर २,०००. दुसऱ्या खेपेला पैसे मिळतात ते मुलगी झाली तरच, ६,०००. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० चा हक्क देतो, योजना देते ५,०००, आणि राहिलेला हजार जननी सुरक्षा योजनेच्या हिशेबात बसवला जातो. मुलगी झाली तर राज्याच्या ममता योजनेचे दहा हजार वेगळे, पण ती योजना मुलींचं प्रमाण सुधारावं म्हणून आहे, आईला विसावा मिळावा म्हणून नव्हे. गृह आधाराचे सहा महिन्यांचे ९,००० तर तिला असेही मिळतच होते.

तिघींचं दुखणं सारखं, टाके सारखे, रात्रीची जाग्रणं सारखी. कदाचित म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात खाटाही शेजारी-शेजारी. आणि रकमा साडेतीन लाखांच्या वर, एक लाखाच्या आसपास, पाच हजार. ज्या बाईला विश्रांती परवडणं सगळ्यात अवघड, तिलाच कायद्यानं सगळ्यात कमी देऊ केलं आहे. कारण आपली रजा नोकरीला चिकटलेली आहे, बाळंतपणाला नाही.

या तिघींच्या मधे चौथी आहे, आणि पेडण्यात तिची संख्या वाढते आहे. मांद्रे-मोरजीच्या हॉटेलात, मोपाच्या विमानतळावर, धारगळच्या आयुर्वेद संस्थेच्या आजूबाजूला जी नवी कामं आली, त्यांतली बरीच कंत्राटी किंवा हंगामी असतात. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली, तेव्हापासून घराजवळ काम मिळतं म्हणून कितीतरी मुली बसमधून म्हापसा-पणजीला जायच्या थांबल्या. त्यांच्यासाठी काही गोष्टी माहीत असणं फार उपयोगाचं आहे. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गाभा तोच राहिला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं-आस्थापना त्यात येतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं पुरतं. कायम नोकरीची अट नाही. ऑक्टोबर ते मेच्या हंगामात ८० दिवस कधीच भरून जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं, की कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी लाभ संपत नाही. रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. सहा-सात पोरं कामाला ठेवलेल्या किनाऱ्यावरच्या शॅकला मात्र यातलं काही लागू नाही, कारण तिथं दहाचा आकडा भरत नाही.

आणि दहाचा आकडा भरतो तिथं मालक काय करतो? २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवड्यांची रजा २६ वर गेली. हे पाऊल चांगलंच होतं, पण २१,००० च्या वर पगार असलेल्या बाईच्या त्या २६ आठवड्यांचं सगळं ओझं मालकावर. पंधरा माणसांच्या छोट्या कारखान्याला सहा महिन्यांचा पगार आणि वर बदली माणूस, हे जड जातं. मग मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हे विचारलं जातं, किंवा न विचारताच मुलगा घेतला जातो. टीमलीज कंपनीनं २०१८ मध्ये अंदाज बांधला होता की दहा क्षेत्रांत मिळून ११ ते १८ लाख बायकांच्या नोकऱ्या यामुळे एका वर्षात जाऊ शकतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय श्रम मंत्रालयानं वाढीव १४ आठवड्यांपैकी सात आठवड्यांचा पगार मालकांना परत द्यायचा विचार बोलून दाखवला. तो विचारच राहिला.

हा पेच नवा नाही. हा कायदा जिथून सुरू झाला तिथेच तो बोलून झाला होता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती-लाभाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तो विषय पुन्हा निघाला, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून याचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, हे त्यांनी आधी मान्य केलं. पण सरकार तो उचलत नाही म्हणून मालकालाही सोडता येणार नाही, कारण बाईला कामाला ठेवण्यात मालकाचा फायदा असतो. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला पहिला. जवळजवळ शंभर वर्षं होत आली. युक्तिवादाचा दुसरा भाग आपण कायद्यात घातला, पहिला तसाच ठेवून दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करारही हेच सांगतो, की खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक पैशातून व्हावा, एकेका मालकाच्या गळ्यात पडू नये. आपल्याकडे त्याचा नमुना कामगार विम्याच्या रूपात तयार आहे, फक्त २१,००० च्या कुंपणात. ते कुंपण २०१७ पासून हललेलं नाही.

योगायोग असा की अखिल भारतीय मातृत्व लाभ कायद्यावर तारीख आहे १२ डिसेंबर १९६१. गोवा त्याच्या बरोबर सात दिवसांनी मुक्त झाला. त्यामुळे १९२९ चा कायदा पेडणे-डिचोलीच्या बायकांच्या वाट्याला कधी आला नाही, आणि सीमेपलीकडे बांद्याला-सावंतवाडीला सोयरीक असूनही या बाबतीत त्या वेगळ्याच देशात होत्या. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या गोंयकार बाईला मात्र तो लागू होता.

बापाचं काय? सरकारी नोकरीत १५ दिवस. खासगी नोकरीत कायद्यानं शून्य. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. स्वीडननं १९७४ मध्येच आईची रजा काढून दोघांची रजा केली, तरी बाप घरी राहीनात. मग १९९५ मध्ये एक महिना फक्त बापासाठी राखून ठेवला, घेतला नाही तर बुडाला. त्यानंतर बाप रजा घेऊ लागले. आता तिथं ४८० दिवसांपैकी ९० दिवस दोघांपैकी प्रत्येकाला राखीव असतात. आपल्याकडे असं काही आलं तर पहिला विरोध मालकांच्या आधी घरातूनच होईल, याची मला खात्री आहे. ‘‘बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?’’ म्हणणारी आजी अजून प्रत्येक वाड्यावर आहे. पण ती आजी किती दिवस असणार? शिकलेली, नोकरीवाली सासू आता साठीपर्यंत स्वतः कामावर जाते. माहेरपण सव्वा महिन्यात संपतं. रजा सव्वीस आठवड्यांत संपते.

आणि तिथंच बाई नोकरी सोडते. रजेत नाही, रजा संपल्यावर. सहा महिन्यांचं मूल कुणाकडे ठेवायचं? अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना बसवून घेते, आणि तीही सकाळचे काही तास. पाळणाघराची सक्ती आहे ती ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. गोव्याच्या छोट्या औद्योगिक वसाहतींत पन्नासच्या आतले कारखाने डझनांनी असतात, आणि त्यांच्यापुरती ही तरतूद नसल्यासारखी आहे. पण नव्या संहितेत एक ओळ आहे जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. पाळणाघर प्रत्येकानं स्वतःचंच काढायला हवं असं नाही. सरकारचं, पालिकेचं, एखाद्या संस्थेचं चालतं, आणि अनेक आस्थापनांनी मिळून वर्गणीनं चालवलेलंही चालतं. तुये किंवा डिचोलीच्या वसाहतीत अठरा-वीस-तीस माणसांचे पाच कारखाने एकत्र आले तर शंभरावर माणसं होतात. वसाहतीची जागा औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे शेवटी सरकारचीच. एक शेड, दोन ताया, पाण्याची सोय आणि कारखान्याच्या पाळ्यांशी जुळणारी वेळ, इतकंच लागतं. संहितेत आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा आहे. शेड वसाहतीच्या फाटकाशीच असेल तर ती वापरता येईल, पणजीला असेल तर नाही.